चारच्या खालचं काय?



मागच्या रविवारी सकाळी साताऱ्याहून बाबांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. एक पीडीएफ आणि खाली तीन अंगठे. लॅबचं ते 'फुल बॉडी चेकअप' पॅकेज असतं ना, त्याचा रिपोर्ट. साखर जरा वर, बी-१२ कमी (ते आपल्याकडे सगळ्यांचंच असतं म्हणा), आणि शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ: पीएसए २.४, नॉर्मल रेंज ० ते ४.

बाबा ६८ वर्षांचे आहेत. चार वर्षांपूर्वी मोठ्या काकांना प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तेव्हापासून बाबा रिपोर्ट उघडला की आधी ही ओळ शोधतात. फोन केला तर खुशीत होते. "सुटलो रे, एक वर्ष तरी!"

आता माझा प्रॉब्लेम सांगतो. मी दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेला कोड वाचतो. त्यात कुठेतरी 'टाइमआउट ३०' असं काहीतरी लिहिलेलं असतं. तीसच का? माहीत नाही. लिहिणारा माणूस कंपनी सोडून गेलेला असतो, सिस्टिम चालू असते, आणि त्या तीसला हात लावायची कुणाची छाती होत नाही. बाबांच्या रिपोर्टमधला ४ बघून मला तसंच वाटलं. चारच का? कुणी ठरवलं? आठवडाभर रात्री हेच वाचत बसलो, म्हणून या वीकेंडचा लेख त्यावर. (मी डॉक्टर नाही. हे वाचून कुणी स्वतःवर उपचार करू नयेत वगैरे वगैरे.)

आधी थोडी ओळख. प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. ती एक प्रोटीन बनवते, तेच हे पीएसए. त्याचं खरं काम वीर्य पातळ ठेवणं. रक्तात त्याने यायचं काही कारण नसतं, पण थोडंसं झिरपतं. ग्रंथी वयामुळे वाढली तर जास्त झिरपतं, तिथे इन्फेक्शन झालं तर जास्त, कॅन्सर झाला तरी जास्त. म्हणजे नावातला 'स्पेसिफिक' हा शब्द प्रोस्टेटपुरता आहे, कॅन्सरचा त्यात काही संबंध नाही. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

रिचर्ड अ‍ॅब्लिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० साली प्रोस्टेटमधल्या अशा खास अँटिजेनबद्दल लिहिलं. नेमका शोध कुणाचा यावर आजही वाद आहेत, ते सोडून देऊ. १९७९ मध्ये बफेलोच्या रॉसवेल पार्कमधल्या गटाने ते प्रोटीन शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं आणि वर्षभरात ते रक्तात मोजताही यायला लागलं. १९८६ साली अमेरिकेच्या एफडीएने या टेस्टला परवानगी दिली, पण कशासाठी? ज्यांना कॅन्सर झालाय हे आधीच माहीत आहे, त्यांचा आजार पुन्हा डोकं वर काढतोय का, ते बघण्यासाठी. ठणठणीत माणसाला रांगेत उभं करून कॅन्सर शोधण्यासाठी नव्हे.

आणि ४? टेस्टचं किट बनवणाऱ्या हायब्रिटेक या कंपनीने वरवर निरोगी दिसणाऱ्या काही पुरुषांचं रक्त तपासलं. त्यातल्या बहुतेक सगळ्यांचा आकडा ४ नॅनोग्रॅमच्या आत आला. म्हणून ४. बस! त्या पुरुषांना कॅन्सर नव्हता हे कशावरून? तर ते निरोगी दिसत होते. कुणाच्याही ग्रंथीचा तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली पाहिलेला नव्हता.

यात कुणाची बदमाशी नाही. नव्या टेस्टची रेंज अशीच ठरवतात. गडबड पुढे झाली.

१९९१ साली सेंट लुईसचे सर्जन विल्यम कॅटालोना यांनी १,६५३ पुरुषांच्या तपासणीवर एक पेपर लिहिला. ५० च्या पुढचे, कसलीही तक्रार नसलेले लोक. पीएसए ४ किंवा जास्त आला, की पुढे बोटाने तपासणी, अल्ट्रासाउंड, आणि संशय आला तर बायॉप्सी. ज्यांचा आकडा १० च्या वर होता त्यांच्यात कॅन्सर भरपूर निघाला, ४ ते १० मध्येही बराच निघाला. त्याआधीच, १९८९ मध्ये, स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी अल्ट्रासाउंडमध्ये बघत सहा ठिकाणी सुई मारून बायॉप्सी करायची पद्धत मांडली होती, त्यामुळे हे सगळं ओपीडीत उरकण्याइतकं सोपं झालं होतं. मग ६,६३० पुरुषांचा मोठा अभ्यास झाला आणि त्याच्या जोरावर १९९४ साली एफडीएने निरोगी पुरुषांत कॅन्सर शोधायलाही टेस्ट मंजूर केली, बोटाच्या तपासणीच्या जोडीने. ४ वर शिक्कामोर्तब झालं.

त्या मोठ्या अभ्यासातला एक आकडा बघा. एकूण २६४ कॅन्सर सापडले. त्यातले २१६, म्हणजे ८२ टक्के, पीएसएने पकडले. बोटाच्या तपासणीने ५५ टक्के. काय भारी टेस्ट आहे, असं वाटतं ना? मलाही वाटलं. मग चहा घेताना डोक्यात आलं, २६४ हा आकडा कुठून आला?

बायॉप्सी कुणाची झाली? ज्यांचा पीएसए ४ च्या वर, किंवा ज्यांच्या ग्रंथीत बोटाला काही लागलं, त्यांचीच. बाकीचे 'नॉर्मल' म्हणून घरी गेले. त्यांच्यात किती जणांना कॅन्सर होता हे कुणी बघितलंच नाही. म्हणजे ८२ टक्के कशातले? तर सापडलेल्यांतले. आमच्याकडे एखादा टेस्टर म्हणाला, "माझ्या टेस्ट केसेसना जेवढे बग सापडले, त्यातले ८२ टक्के माझ्या टेस्ट केसेसनीच पकडले", तर त्याला आम्ही चहा पाजून घरी पाठवू. :)

संख्याशास्त्रात याला व्हेरिफिकेशन बायस म्हणतात. डॉक्टरांना हे कळत नव्हतं असं अजिबात नाही. पण करणार काय? रिपोर्ट नॉर्मल आलेल्या हजारो माणसांना कुठल्या तोंडाने सांगणार, की काका, तुमचं सगळं छान आहे, पण आम्हाला शंका आहे म्हणून गुदद्वारातून सहा सुया मारून घ्या? कुठलीही एथिक्स कमिटी हे मान्य करणार नाही.

२००३ च्या जुलैमध्ये पुंगलिया आणि सहकाऱ्यांनी (यात स्वतः कॅटालोनाही होते, हे मला फार आवडलं) गणिताने हा बायस काढून टाकायचा प्रयत्न केला. उत्तर आलं: ४.१ ला बायॉप्सीची रेघ मारली, तर साठीच्या आतल्या पुरुषांतले ८२ टक्के कॅन्सर निसटतात. तोच आकडा! आधी ८२ टक्के पकडले होते, आता ८२ टक्के निसटले. योगायोगच तो, पण मी दोन्ही पेपर शेजारी शेजारी उघडून बराच वेळ बघत बसलो होतो.

तरी हे झालं गणित. प्रत्यक्ष कुणीतरी बघायला हवं होतं, आणि ते बघितलं गेलं भलत्याच कामासाठी.

प्रोस्टेट वाढून लघवीचा त्रास होतो, त्यावर फिनास्टेराइड नावाचं औषध आहे. ते टेस्टोस्टेरॉनपासून पुढचं जास्त जहाल हार्मोन बनू देत नाही, त्यामुळे ग्रंथी आक्रसते. १९९३ साली अमेरिकेत एक प्रचंड ट्रायल सुरू झाली, १८,८८२ पुरुषांची. प्रश्न असा, की हे औषध सात वर्षं घेतलं तर कॅन्सर टळतो का? सगळे ५५ च्या पुढचे आणि सुरुवातीचा पीएसए ३ किंवा कमी. निम्म्यांना औषध, निम्म्यांना साधी गोळी. प्रमुख होते टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोचे इयान थॉम्पसन.

पण ट्रायल आखतानाच त्यांच्यापुढे एक अडचण होती. फिनास्टेराइडने रक्तातला पीएसए जवळजवळ निम्मा होतो. मग औषध घेणाऱ्यांचा आकडा आपोआप ४ च्या खाली जाणार, त्यांच्या बायॉप्सी कमी होणार, कॅन्सर कमी सापडणार आणि औषध गुणकारी आहे असा भास होणार. म्हणून त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे औषधवाल्यांचा आकडा आधी दोनाने, आणि पुढच्या वर्षांत २.३ ने गुणला. दुसरी म्हणजे सात वर्षं पूर्ण झाली की सगळ्यांची बायॉप्सी करायची ठरवलं, पीएसए कितीही असो.

इथपर्यंत बुधवारी रात्री वाचलं आणि थांबलो. पावणेअकरा झाले होते. तरी फोन केला.

"बाबा, लघवीसाठी ती गोळी घेता ना रात्री, तिची पट्टी जवळ आहे का?"

"आहे की. का रे, एवढ्या रात्री?"

"त्यावर काय लिहिलंय वाचा."

चष्मा शोधण्यात दोन मिनिटं गेली. मग एकेक अक्षर लावत त्यांनी वाचलं: टॅमसुलोसिन आणि ड्यूटास्टेराइड.

ड्यूटास्टेराइड हा फिनास्टेराइडचा सख्खा भाऊ. तोही पीएसए निम्मा करतो. बाबा ही गोळी दीड वर्षापासून घेतायत. लॅबच्या कॉम्प्युटरला ते माहीत असायचं काही कारण नाही, त्याने २.४ हा आकडा ४ पेक्षा लहान आहे हे बघितलं आणि पुढे नॉर्मल छापलं. २.४ गुणिले २ म्हणजे किती, ते तुम्हीच करा.

(मंडळी, तुमच्यापैकी जे केसांसाठी फिनास्टेराइड घेतात, त्यांच्यासाठीही हे आहे. तो डोस छोटा असतो, पण पीएसए त्यानेही उतरतो. आज तिशीत फरक पडत नाही. पन्नाशीत पहिल्यांदा टेस्ट कराल तेव्हा डॉक्टरांना आठवणीने सांगा.)

असो. त्या ट्रायलचं काय झालं? औषधाने कॅन्सरचं प्रमाण २४.४ वरून १८.४ टक्क्यांवर आलं, आणि २००३ मध्ये ट्रायल ठरल्यापेक्षा आधीच थांबवली. औषध गटात जहाल कॅन्सर किंचित जास्त दिसले, त्यावर वेगळा गदारोळ झाला, तो इथे नको. आपल्या कामाची गोष्ट २००४ च्या मे महिन्यातली. साधी गोळी घेणाऱ्यांमधून थॉम्पसन यांनी २,९५० पुरुष वेगळे काढले. सात वर्षांत ज्यांचा पीएसए एकदाही ४ च्या वर गेला नाही आणि बोटालाही कधी काही लागलं नाही, असे. शंभर टक्के नॉर्मल. त्यांच्या शेवटच्या बायॉप्सीत काय निघालं?

४४९ जणांना कॅन्सर. १५.२ टक्के. दर सहा-सात नॉर्मल माणसांमागे एक.

आकडे फोडून बघितले तर आणखी मजा आहे (मजा हा शब्द चुकीचा आहे, पण राहू दे). पीएसए ०.५ किंवा त्याहून कमी असलेल्यांमध्येही ६.६ टक्के. ३.१ ते ४ वाल्यांमध्ये २६.९ टक्के. मध्ये कुठेही पायरी नाही. आपण समजत होतो की ४ ला कडा आहे, अलीकडे सपाट जमीन आणि पलीकडे दरी. प्रत्यक्षात पहिल्यापासून घाटच आहे, हळूहळू चढत जाणारा. पुढच्या वर्षी त्यांनी रेघ कुठे मारावी याचाही हिशोब दिला. ४.१ ला मारली तर कॅन्सर असलेल्यांपैकी जेमतेम २०.५ टक्के पकडले जातात. १.१ वर आणली तर ८३.४ टक्के सापडतात, पण कॅन्सर नसलेल्या शंभरातल्या ६१ जणांनाही उगाच सुया. चांगला कटऑफ असा नाहीच.

मग सरळ सगळ्यांनाच सुया मारायच्या का? बुधवारी रात्री मला तसंच वाटत होतं. गुरुवारी एक जुना संदर्भ सापडला आणि मी जरा शांत झालो.

१९३५ साली, म्हणजे पीएसए वगैरे काही नसताना, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या अर्नोल्ड राइस रिच या पॅथॉलॉजिस्टने शवविच्छेदनातल्या प्रोस्टेट तपासल्या होत्या. पन्नाशी ओलांडलेले पुरुष, वेगवेगळ्या कारणांनी मेलेले. सुमारे १४ टक्क्यांच्या ग्रंथीत कॅन्सर निघाला, त्यातल्या बहुतेकांना जिवंतपणी त्याचा पत्ताही नव्हता. हे १५.२ च्या किती जवळ आहे बघा. थॉम्पसन यांच्या सुयांनी जे शोधलं, त्यातलं बरंचसं रिच यांना सत्तर वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांत सापडलेलंच होतं. लोक ते घेऊन जगतात आणि दुसऱ्याच कशाने तरी मरतात. त्या ४४९ पैकी जहाल, म्हणजे ग्लीसन स्कोअर ७ किंवा जास्त, असे ६७ होते. २,९५० मधले ६७ म्हणजे २.३ टक्के. ते खरे काळजीचे. बाकीच्यांना शोधून काढणं म्हणजे चांगल्या-भल्या माणसाला पेशंट करणं. ऑपरेशन किंवा रेडिएशन झालं की लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता, दोन्हींवर परिणाम होऊ शकतो. याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. मोठे काका गणपतीत आमच्याकडे राहायला का येत नाहीत हे मला आत्ता, हे वाचताना कळलं.

ब्रिटनमध्ये अशाच, टेस्टमुळे सापडलेल्या १,६४३ पुरुषांना तीन गटांत वाटलं: ऑपरेशन, रेडिएशन आणि नुसती देखरेख. पंधरा वर्षांनी, २०२३ मध्ये निकाल आला. प्रोस्टेट कॅन्सरने मेलेले सगळे मिळून २.७ टक्के, तिन्ही गटांत जवळजवळ सारखे. देखरेखवाल्यांमध्ये आजार पसरण्याचं प्रमाण मात्र जास्त होतं, हेही सांगायला हवं. आणि युरोपातल्या सगळ्यात मोठ्या ट्रायलचा २३ वर्षांचा हिशोब २०२५ मध्ये आला: तपासणीला बोलावलेल्या ४५६ पुरुषांमागे एक मृत्यू टळला. टेस्ट निरुपयोगी नाही. पण जो एक वाचतो तो कोण, हे ती सांगत नाही. २०१० मध्ये खुद्द अ‍ॅब्लिन यांनीच न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून या सरसकट तपासणीवर सडकून टीका केली होती. मला ती जरा टोकाची वाटते, कारण स्वीडनच्या माल्मो शहरातल्या फ्रीझरमधली गोष्ट वेगळं सांगते.

१९८१ साली तिथे ६० वर्षांच्या १,१६७ पुरुषांनी एका दुसऱ्याच आरोग्य तपासणीसाठी रक्त दिलं होतं. ते गोठवून ठेवलं. पीएसए टेस्ट तेव्हा वापरात नव्हती, म्हणजे आकडा बघून कुणी घाबरलं नाही, कुणाची बायॉप्सी झाली नाही. पुढे ते रक्त वितळवून पीएसए मोजला आणि ही माणसं ८५ व्या वर्षापर्यंत कशाने मेली याच्याशी लावून बघितला. २०१० मध्ये छापून आलेला निकाल असा: साठाव्या वर्षी आकडा १ किंवा कमी असेल तर ८५ पर्यंत या कॅन्सरने मरण्याची शक्यता ०.२ टक्के. आणि जे मेले, त्यातले ९० टक्के २ च्या वरचे होते. २! म्हणजे बाबांच्या रिपोर्टच्या हिशोबाने नॉर्मलच.

म्हणजे 'आत कॅन्सर आहे का' या प्रश्नाला पीएसए धड उत्तर देत नाही. 'पुढच्या पंचवीस वर्षांत कॅन्सरने मरीन का' याला बऱ्यापैकी देतो. वाईट काय, तर आपण पहिला प्रश्न विचारत राहिलो, आणि तोही हो-नाही मध्ये. त्यात अपवाद आहेतच. काही अतिजहाल गाठी पीएसए बनवणंच विसरतात, तिथे आकडा कमी असणं हीच धोक्याची खूण. मोठ्या काकांचा पीएसए ३.२ होता. त्यांचा कॅन्सर सापडला तो साताऱ्यातल्या एका जुन्या डॉक्टरांच्या बोटाला कडक काहीतरी लागलं म्हणून.

आता सुयांच्या आधी एमआरआय करतात. २०१७ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ५७६ पुरुषांवर एमआरआय आणि नेहमीची बायॉप्सी दोन्ही करून, वर दर अर्ध्या सेंटीमीटरवर सुई मारून खरं उत्तर काढलं. जहाल कॅन्सरपैकी एमआरआयने ९३ टक्के पकडले, नेहमीच्या बायॉप्सीने ४८. हे लोक पीएसए वाढलेले होते, बाबांसारखे 'नॉर्मल' नव्हते. पण निदान आंधळेपणाने टोचण्यापेक्षा बरं.

शुक्रवारी सुट्टी टाकली आणि बाबांना पुण्यात युरॉलॉजिस्टकडे नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट बघायच्या आधीच विचारलं, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मग भावाचा इतिहास, मग बोटाने तपासणी (काही लागलं नाही). मग गोळी सुरू व्हायच्या आधीचा पीएसए मागितला. बाबांच्या फाइलमध्ये विम्याच्या पावत्यांखाली तो निघाला: ३.१. डॉक्टर म्हणाले, गोळीने हा दीडच्या आसपास यायला हवा होता. २.४ म्हणजे उतरायचा तेवढा उतरलेला नाही, किंवा उतरून पुन्हा चढतोय. सुई आत्ता नको. एमआरआय करू.

गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. खंबाटकी आल्यावर म्हणाले, "पण नॉर्मल लिहिलं होतं की रे त्यांनी."

मी त्यांना १९८६ पासून सांगायला सुरुवात केली. घाट संपेपर्यंत त्यांना झोप लागली होती.

एमआरआय पुढच्या शनिवारी आहे, त्यामुळे पुढच्या वीकेंडला इथे लेख नसेल.